भाषणाआधीची भाषणं

सीझरला मारून झाल्यावर ब्रूटस रोमच्या चौकात लोकांसमोर उभा राहतो आणि खून का केला ते सांगतो. सीझर महत्त्वाकांक्षी होता. तो राजा झाला असता तर तुम्ही सगळे गुलाम झाला असता. माझं त्याच्यावर प्रेम कमी नव्हतं, रोमवर जास्त होतं. भाषण संपतं, लोकांना पटतं आणि गर्दीतला एक जण ओरडतो, “यालाच सीझर करा!” दुसरा म्हणतो, सीझरमधलं जे उत्तम होतं त्याला आपण ब्रूटसच्या रूपात मुकुट घालू. राजा नको म्हणून माणूस मारला, आणि लोक निघाले मारणाऱ्यालाच राजा करायला.

शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मधली ही जागा वाचताना आधी हसू येतं. मग सीझरचा मित्र मार्क अँटनी व्यासपीठावर चढतो, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत तीच माणसं ब्रूटसचं घर जाळायला धावत सुटलेली असतात. तिसऱ्या अंकाचा हा दुसरा प्रवेश बहुतेक वेळा एकाच धड्यासाठी शिकवला जातो: जमावाला डोकं नसतं, शेवटी जो बोलेल त्याच्या मागे तो जातो. निवडणुकीचा निकाल मनाविरुद्ध लागला की अँटनीची आठवण काढणारी मंडळी आपल्याकडेही आहेत.

मला हा धडा पटत नाही. जमाव शहाणा असतो असंही मला म्हणायचं नाही; पुढच्याच प्रवेशात या लोकांनी काय केलं ते पाहता तसं म्हणणं निर्लज्जपणाचं होईल. पण या नाटकात दुसऱ्याच्या बोलण्याला भुलणाऱ्यांची एक लांबलचक रांग आहे, आणि चौकातले लोक तिच्यात जवळजवळ शेवटी उभे आहेत. शिव्या मात्र त्यांनाच बसतात.

ल्युपरकालच्या उत्सवापासून सुरुवात करू. पहिल्या अंकात ब्रूटस आणि कटाचा सूत्रधार कॅशियस बाजूला उभे राहून बोलत असतात आणि आतून लोकांचा जल्लोष ऐकू येतो. ब्रूटसच्या पोटात गोळा येतो. लोक सीझरला राजा तर करत नाहीत ना? कॅशियसला एवढंच हवं असतं. तो लगेच सुरू होतो: ‘सीझर’ या नावात असं काय आहे? तुझं नाव त्याच्या शेजारी लिहून बघ, तेही तितकंच सुंदर दिसतं. थोड्या वेळानं कास्का, पुढे कटात सामील होणारा, येतो आणि खरं काय घडलं ते सांगतो. अँटनीनं सीझरपुढे मुकुट धरला, सीझरनं तो हाताच्या पाठीनं बाजूला सारला, आणि तेव्हा लोक ओरडले. असं तीनदा झालं.

म्हणजे लोक नकारावर खूश होते. ज्या जल्लोषानं ब्रूटस घाबरला, तो जल्लोष त्याच्याच बाजूचा होता. रोममधल्या सुतार-चांभारांनाही राजा नको होता, हे नाटकात स्पष्ट लिहिलेलं आहे. अडचण एवढीच की ते कास्काच्या तोंडी आहे, आणि कास्काला त्या माणसांच्या घामट टोप्या, भेगाळलेले हात आणि तोंडाची घाण यांपलीकडे काही दिसत नाही. तो इतक्या तुच्छतेनं सांगतो की ऐकणारा बातमी विसरतो आणि दुर्गंध तेवढा लक्षात ठेवतो. ब्रूटसनं ती बातमी ऐकली होती. ऐकूनही त्यानं जे ठरवायचं ते ठरवलंच.

त्याच्यासाठी कॅशियसनं चिठ्ठ्या तयार केल्या. वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, जणू वेगवेगळ्या नागरिकांनी लिहिल्या आहेत: ब्रूटस, झोपलास काय, जागा हो. त्या त्याच्या खिडकीतून आत टाकल्या गेल्या. या नाटकातल्या एका मोठ्या माणसाला हलवणारं लोकमत हे असं आहे, एका माणसानं बसून बनवलेलं. (आता हस्ताक्षरं बदलावी लागत नाहीत, समाजमाध्यमांवर खाती उघडली की भागतं.) चिठ्ठीतली वाक्यं मुद्दाम अर्धवट सोडलेली असतात. गाळलेल्या जागा ब्रूटस स्वतःच भरतो.

खरं तर चिठ्ठी हातात पडायच्या आधीच तो बागेत एकटा येरझारा घालत स्वतःशी बोलत असतो, आणि ते स्वगत मला चौकातल्या दोन्ही भाषणांहून भयंकर वाटतं. पहिल्याच वाक्यात निकाल: त्याला मरावंच लागेल. कारणं मागाहून येतात. माझं त्याच्याशी वैयक्तिक वैर नाही. त्याचा विवेक कधी सुटलेला मी पाहिलेला नाही. पण मुकुट मिळाला तर तो बदलेल. म्हणजे, बदलू शकेल. आज सीझर जसा आहे त्यावरून आरोप उभा राहत नाही, हे ब्रूटस स्वतः कबूल करतो आणि म्हणतो, मग मांडणी अशी करू: हे सापाचं अंडं आहे, पिल्लू बाहेर येण्याआधी आतच मारलेलं बरं. दुसऱ्या दिवशीच्या भाषणाचा कच्चा खर्डा इथेच तयार होतो आणि त्याचा पहिला श्रोता ब्रूटसच असतो. रोममधल्या सर्वांत सच्च्या माणसाला पटवायला एक उपमा पुरली. समोर गर्दी नव्हती, कुणी रडत नव्हतं, प्रेतही नव्हतं.

सीझरचं तर विचारूच नका. बायकोनं, कॅल्पर्नियानं, स्वप्न पाहिलं: त्याच्या पुतळ्यातून रक्ताच्या शंभर धारा उडताहेत आणि रोमन लोक हसत हसत त्यात हात बुडवताहेत. सीझर घरी थांबायचं कबूल करतो. कटातला डेशियस येतो, त्याच स्वप्नाचा अर्थ फिरवून सांगतो आणि वर हळूच घालतो की आज सिनेट मुकुट देणार आहे, शिवाय न आल्यास लोक म्हणतील, सीझरच्या बायकोला बरी स्वप्नं पडेपर्यंत सभा तहकूब. झालं. “माझा झगा आणा.” हाच डेशियस आदल्या रात्री फुशारकी मारून गेला होता की सीझरला खुशामत आवडत नाही असं त्याच्या तोंडावर म्हणायचं, म्हणजे तीच त्याची सर्वांत मोठी खुशामत होते.

इतकं झाल्यावर आपण चौकात पोचतो. नाटक इ.स. १५९९ मधलं. टॉमस प्लॅटर नावाचा एक स्विस प्रवासी त्या वर्षी लंडनला आला होता. २१ सप्टेंबरला जेवण करून त्यानं नदीपलीकडच्या गवतानं शाकारलेल्या नाट्यगृहात ज्युलिअस सीझरची शोकांतिका पाहिली, असं त्यानं लिहून ठेवलंय. ते बहुधा नवंकोरं ग्लोब असावं. प्रयोग संपल्यावर नटांनी सुंदर नाच केला, हेही तो आवर्जून नोंदवतो. अशा नाट्यगृहात एक पेनी देऊन उघड्या अंगणात उभं राहून नाटक बघणारे शेकडो लोक असत. अँटनी “मित्रांनो, रोमवासीयांनो” म्हणतो तेव्हा तो रंगमंचावरच्या चार नागरिकांच्या डोक्यावरून यांच्याशीच बोलत असणार. गर्दी भाड्यानं आणायची गरजच नव्हती.

ब्रूटस गद्यात बोलतो. तोलून मापून, एका वाक्यासमोर दुसरं वाक्य ठेवून. गुलाम व्हायला कोण तयार आहे? असेल तर बोला, मी त्याचा अपराधी आहे. मग तो उत्तरासाठी थांबतो. अशा प्रश्नाला उत्तर एकच असू शकतं, आणि ते येतं. पण सीझर महत्त्वाकांक्षी होता याचा एक तरी दाखला त्यानं दिला का? नाही. त्याच्या मृत्यूची कारणं कॅपिटॉलमध्ये नोंदवून ठेवली आहेत, एवढंच तो सांगतो. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला हे वाक्य ओळखीचं वाटेल. कारणं आहेत, दप्तरी आहेत.

इतिहासातल्या ब्रूटसनं खुनानंतर कॅपिटॉलवर केलेलं भाषण प्रसिद्ध करण्याआधी सिसेरोकडे तपासायला पाठवलं होतं. सिसेरोनं आपल्या मित्राला, अॅटिकसला, लिहिलेल्या पत्रात त्याचा अभिप्राय आहे: भाषा अतिशय देखणी, पण मी लिहिलं असतं तर त्यात आग जास्त असती. शेक्सपिअरला हे पत्र ठाऊक होतं की नव्हतं कोण जाणे, पण भाषण त्यानं अगदी तसंच लिहिलंय. आणि रोमच्या या सर्वश्रेष्ठ वक्त्याला नाटकात जेमतेम चार वाक्यं दिली आहेत. कटात त्याला घ्यावं का, यावर ब्रूटस म्हणतो, नको, दुसऱ्यानं सुरू केलेल्या कामात तो कधी मागे येणार नाही.

शेक्सपिअरनं ज्याच्यावरून हे सगळं घेतलं त्या प्लूटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकारामध्ये एक गोष्ट वेगळी आहे. तिथे ब्रूटसचं बोलणं लोक शांतपणे ऐकून घेतात, आणि त्या शांततेतूनच कळतं की त्यांना सीझरची कणव आहे आणि ब्रूटसबद्दल आदरही. एकाच वेळी दोन्ही. मला हा जमाव फार समंजस वाटतो. शिवाय प्रत्यक्षात ब्रूटसचं बोलणं आणि सीझरची अंत्ययात्रा यांच्यात काही दिवस गेले होते. नाटककारानं ते दिवस काढून टाकले, दोन भाषणं एकाला एक चिकटवली आणि शांततेच्या जागी आरोळ्या घातल्या. जमावाची चंचलता म्हणून आपण जे पाहतो, त्यात रंगभूमीच्या घाईचा वाटा बराच आहे.

ब्रूटसच्या चुका मात्र खऱ्या आहेत. अँटनीला बोलू देऊ नकोस, असं कॅशियसनं कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. ब्रूटसनं अटी घातल्या: आधी मी बोलणार, तू आम्हाला दोष द्यायचा नाहीस, सीझरबद्दल चांगलं हवं तेवढं बोल, आमच्या परवानगीनं बोलतोयस हे सांग. आणि स्वतःचं भाषण आटोपून तो निघून गेला. जाताना लोकांना बजावून गेला की माझ्याखातर थांबा आणि अँटनीचं ऐका. जाहीर सभेत मुख्य वक्ता शेवटी का बोलतो, हे आपल्या गल्लीतला कार्यकर्ताही सांगेल. कीर्तनात पूर्वरंगाला जांभया देणारी मंडळी उत्तररंगात आख्यान सुरू झालं की सावरून बसतात. ब्रूटसनं नुसता पूर्वरंग केला आणि आख्यान दुसऱ्याच्या हवाली करून घर गाठलं.

अँटनी एकही अट मोडत नाही. ब्रूटस सन्माननीय गृहस्थ आहेत, हे तो इतक्यांदा म्हणतो की शेवटी ती शिवी होते. पण शाब्दिक खोचेच्या आधी त्यानं काय केलं ते बघा. ब्रूटसनं म्हटलं, सीझर महत्त्वाकांक्षी होता. अँटनी तीन गोष्टी ठेवतो. सीझरनं युद्धकैदी आणले, त्यांच्या खंडणीनं सरकारी तिजोरी भरली. गरीब रडले तेव्हा तो रडला. आणि ल्युपरकालला मी तीनदा मुकुट पुढे केला, तो त्यानं तीनदा नाकारला. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. तिसरी गोष्ट खरोखरच सगळ्यांनी पाहिलेली होती. दोन्ही भाषणांत मिळून लोकांना स्वतः पडताळता येईल असा हा जवळजवळ एकमेव पुरावा. मग एक नागरिक म्हणतो, याच्या बोलण्यात बरंच तथ्य दिसतं. दुसरा म्हणतो, त्यानं मुकुट घेतला नाही, त्याअर्थी तो महत्त्वाकांक्षी नव्हता. यात मूर्खपणा कुठे आहे? ज्या जल्लोषाचा अर्थ ब्रूटसला लागला नव्हता, तो करणारी ही माणसं. नकार कसा होता ते त्यांच्या लक्षात आहे.

शाळेत असताना इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलं हे भाषण पाठ करत. मीही केलं होतं. त्या छापील उताऱ्यात नागरिकांची वाक्यं गाळलेली असत, त्यामुळे तो एका दमात म्हणायचा अखंड ठोकळा होई आणि आम्ही तो हातवारे करत म्हणून टाकायचो. मूळ प्रवेशात अँटनी सलग बोलतच नाही. माझं हृदय त्या शवपेटीत सीझरपाशी आहे, ते परत येईपर्यंत मला थांबलं पाहिजे, असं म्हणून तो तोंड फिरवतो. ब्रूटसही थांबला होता, पण त्याला होकार हवा होता. अँटनी थांबतो तो लोकांनी आपसात बोलावं म्हणून. ते बोलतात, त्याच्या लाल डोळ्यांकडे एकमेकांचं लक्ष वेधतात, आणि त्यांचा कल कुठे चाललाय ते ऐकून तो पुढचं पाऊल टाकतो. सीझरचं मृत्युपत्र आहे, पण मी वाचणार नाही. वाचलं तर तुम्ही भडकाल. वाच, वाच! मग मी खाली उतरू का? परवानगी देता का? ये, उतर, परवानगी आहे. प्रेताभोवती कडं करा. ब्रूटसनं वरून भाषण दिलं. अँटनी खाली उतरला आणि उतरण्याआधी त्यानं लोकांची परवानगी मागितली. ज्यांना या नाटकात आतापर्यंत सगळ्यांनी ठोकळे, दगड म्हणून हिणवलं (पहिल्याच प्रवेशात मरुलस हेच शब्द त्यांच्या तोंडावर फेकतो), त्यांना हा म्हणतो, तुम्ही लाकूड नाही, दगड नाही, माणसं आहात. हे वाक्य खोट्या हेतूनं म्हटलेलं आहे. पण त्यांना ते पूर्ण नाटकात दुसऱ्या कुणीच म्हटलेलं नाही.

खोटेपणा इथून पुढे खऱ्या अर्थानं सुरू होतो. झगा हातात घेऊन अँटनी सांगतो, सीझरनं हा पहिल्यांदा घातला ती उन्हाळ्यातली संध्याकाळ मला आठवते, नेर्वी लोकांना हरवलं त्या दिवशी, तंबूत. नेर्वी या गॉलमधल्या (आजच्या फ्रान्स-बेल्जियमकडच्या) टोळीशी लढाई झाली इ.स.पू. ५७ मध्ये, आणि इतिहासातला अँटनी गॉलमध्ये सीझरकडे पोचला त्यानंतर काही वर्षांनी. मग एकेका भोकावर बोट ठेवून: इथून कास्काचा सुरा गेला, इथून ब्रूटसचा. खुनाच्या क्षणी कटातल्या ट्रेबोनिअसनं त्याला बोलण्यात गुंतवून बाहेर नेलं होतं, हे आपण आधीच्या प्रवेशात पाहिलेलं असतं. त्यानं एकही वार पाहिलेला नाही. आणि वर म्हणतो, मला ब्रूटससारखं वक्तृत्व जमत नाही, मी आपला साधा सरळ माणूस.

लोक पेटतात, धावतात, आणि हा त्यांना परत बोलावतो: अरे, मृत्युपत्र विसरलात! मला ही जागा फार आवडते. लोभापायी जमाव भडकला असं म्हणणाऱ्यांनी ती नीट वाचावी. पैशाचं त्यांच्या लक्षातही राहिलं नव्हतं. दर माणशी पंचाहत्तर द्राख्मा, शिवाय नदीकाठच्या बागा, सगळ्यांना फिरायला, पिढ्यान्‌पिढ्या. (बागा टायबरच्या पलीकडे होत्या; नाटकात अलीकडे आहेत, कारण टॉमस नॉर्थनं केलेल्या १५७९ सालच्या इंग्रजी प्लूटार्कमध्येच तशी चूक होती.)

त्यानंतर सिना. रस्त्यानं एकटा चाललेला कवी. नाव काय, कुठे निघालास, राहतोस कुठे, लग्न झालंय का? सरळ सांग, थोडक्यात सांग, शहाणपणानं सांग, खरं सांग. त्याच नावाचा एक कटवाला होता म्हणून हा मरतो. मी तो सिना नव्हे, मी कवी आहे! मग वाईट कवितांसाठी फाडा याला. १९३७ साली न्यूयॉर्कला ऑर्सन वेल्सनं हे नाटक आधुनिक पोशाखात, फॅसिस्टांच्या गणवेशात केलं, तेव्हा लोकांना सर्वांत हादरवलं ते या छोट्याशा प्रवेशानं. इथे जमावाची बाजू घेता येत नाही, आणि मी घेणारही नाही. त्यांचं बोलणं मात्र मला ओळखीचं वाटतं. प्रश्नोत्तरं, अटी, न्यायाचा आव, आणि निकाल आधीच लागलेला. बागेतल्या ब्रूटसकडेही यापेक्षा निराळं काही नव्हतं. नावावरून माणूस तोलायला कॅशियसनं पहिल्या अंकातच शिकवलं होतं.

पुढच्याच प्रवेशात अँटनी आणि आता त्याच्यासोबत सत्ता हाती घेतलेले ऑक्टेव्हिअस आणि लेपिडस मेजाभोवती बसून यादी करताहेत. कोणाकोणाला मारायचं. तुझा भाऊ. चालेल, पण मग तुझ्या बहिणीचा मुलगा. चालेल, ही बघ खूण केली. आणि जाता जाता अँटनी म्हणतो, लेपिडस, सीझरच्या घरून ते मृत्युपत्र घेऊन ये. त्यातल्या देणग्यांचा खर्च कुठे कापता येईल ते बघू. पंचाहत्तर द्राख्मांचं पुढे काय झालं, हे नाटक सांगत नाही. जमावही परत कधी रंगमंचावर येत नाही.

भाषणं मात्र चालू राहतात. चौथ्या अंकाच्या शेवटी तंबूत ब्रूटस आणि कॅशियस लढाईचा बेत करत बसलेत. कॅशियसचं म्हणणं अगदी शहाणपणाचं: शत्रूला आपल्याकडे येऊ दे, चालून चालून थकू दे, आपण ताजेतवाने राहू. चांगल्या कारणांनी त्याहून चांगल्या कारणांना वाट द्यावी लागते, असं ब्रूटस म्हणतो. कॅशियस मधे बोलू पाहतो, तो त्याला थांबवतो आणि माणसाच्या आयुष्यातल्या भरतीबद्दलच्या त्या सुप्रसिद्ध ओळी ऐकवतो: भरती आली की निघावं, ती चुकली की उरलेला प्रवास उथळ पाण्यात. या ओळी हल्ली सुविचार म्हणून कचेरीच्या भिंतीवर लागतात. नाटकात त्या एका चुकीच्या निर्णयाचं समर्थन आहेत. अँटनीला जिवंत सोडू नकोस आणि त्याला बोलू देऊ नकोस, हे दोनदा सांगून ज्याचं ऐकलं गेलं नव्हतं, खोट्या चिठ्ठ्यांपासून जो दुसऱ्यांना घोळात घेत आला होता, तो कॅशियस हे ऐकतो आणि म्हणतो, तुझी तशी इच्छा असेल तर चल, फिलिपीलाच गाठू त्यांना.